स्मूट-हॉली जकात कायदा
अमेरिकेचा आयातशुल्कवाढीचा कायदा (१९३०). सिनेटर रीड स्मूट व प्रतिनिधी विलिस हॉली हे त्याचे प्रवर्तक. शेतमालाच्या घसरत्या भावांमुळे अडचणीत आलेल्या शेतकऱ्यांना संरक्षण देणे हा त्याचा मूळ उद्देश. पुढे कारखानदारांच्या दबावाने शेकडो औद्योगिक वस्तूंवरील जकातही वाढली. हजाराहून अधिक अर्थतज्ज्ञांचा विरोध डावलून अध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांनी १७ जून १९३० रोजी त्यावर स्वाक्षरी केली.

उदाहरणार्थ, या कायद्याने अमेरिकेने अंड्यांवरील जकात डझनामागे ८ सेंटांवरून १० सेंट केली. प्रत्युत्तरादाखल कॅनडाने आपली ३ सेंटांवरून थेट १० सेंटांवर नेली. परिणामी कॅनडाला होणारी अमेरिकन अंड्यांची निर्यात जवळजवळ बंद पडली आणि संरक्षण मिळण्याऐवजी शेतकऱ्याची बाजारपेठच गेली. इतर देशांनीही प्रतिशुल्के लादली. हा कायदा महामंदीचे मूळ कारण नव्हे. मात्र व्यापार आक्रसण्यास त्याने निश्चित हातभार लावला.

१९३२ च्या निवडणुकीत हूव्हर व स्मूट पराभूत झाले. हॉलींना पक्षाची उमेदवारीही मिळाली नाही. त्या पराभवाचे मुख्य कारण मंदी होते आणि जकातवाढही सत्ताधारी रिपब्लिकन पक्षाला तारू शकली नाही. १९३४ च्या परस्पर व्यापार करार कायद्याने अमेरिकेने हे धोरण बदलले.