मेंदूंतील अफू

अफूनें वेदना शमते, हें मानवास हजारों वर्षें ठाऊक आहे. परंतु खसखशीच्या बोंडांतील चिकाचा मानवी मेंदूशीं संबंध तो काय? १९७३ सालीं अमेरिकेंत बाल्टिमोर येथें कँडेस पर्ट व सॉलोमन स्नायडर यांनीं दाखविलें कीं, अफूंतील द्रव्यें नेमकीं धरून ठेवणारीं स्थानें मेंदूंत आहेत. कुलूप सांपडलें; मग किल्लीहि शरीरांतच असली पाहिजे! स्कॉटलंडांत ॲबर्डीन येथें जॉन ह्यूज व हान्स कोस्टरलिट्झ यांनीं ती डुकरांच्या मेंदूंतून शोधून काढून १९७५ सालीं तिची रचना प्रसिद्ध केली. तीं द्रव्यें म्हणजे ‘एन्केफॅलिन’.

१९७८ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें दाढ काढलेल्या रोग्यांवर प्रयोग झाला. नकली औषधानें ज्यांस आराम पडला होता, त्यांस अफूचा परिणाम रोखणारें नालोक्झोन देतांच वेदना वाढल्या. विश्वासानें लाभलेल्या आरामामागेंहि मेंदूचें रसायनच होतें तर!

जुनाट दुखण्यांत मात्र ही अंगभूत योजना अपुरी पडते. म्हणूनच वर्षानुवर्षें कण्हणाऱ्या माणसास ‘हे सारे मनाचे खेळ’ म्हणून हिणविणें हें केवळ निष्ठुर नव्हे, तर अशास्त्रीयहि होय.