'मूकनायक'ची नाकारलेली जाहिरात आणि झोमॅटोचा 'कचरा'

जाहिरात म्हणजे निव्वळ धंदा, तिला जात नसते, असे सांगणाऱ्यांनी आधी १९२० साल आठवावे. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले. या पाक्षिकाची साधी जाहिरात, तीही पैसे मोजून, छापायला 'केसरी'ने नकार दिला. टिळक तेव्हा हयात होते. जाहिरातीची जागा विकाऊ होती. फक्त अस्पृश्यांच्या पत्राला ती विकत मिळत नव्हती.

पुढे संविधान आले. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, १९५५ मध्ये तिच्या पालनाला शिक्षा देणारा कायदा झाला. तरीही नामांकित वर्तमानपत्रांच्या वधू-वर सदरात 'जातीची अट नाही' असे लिहून पुढे 'एससी, एसटी क्षमस्व' छापले जात राहिले. आधी आपली जाहिरात नाकारली, मग जाहिरातीतूनच आपल्याला नाकारले.

२०२३ मध्ये तिसरी पायरी गाठली गेली. पर्यावरण दिनानिमित्त झोमॅटोने समाजमाध्यमांवर एक चित्रफीत टाकली. 'लगान' (२००१) मधला अस्पृश्य कचरा हा त्यात दिवा झाला, कागद झाला, झारी झाला. टाकाऊ प्लास्टिकपासून काय काय बनते, हे सांगायला त्यांना आपला माणूस वस्तू म्हणून हवा होता. दिग्दर्शक नीरज घायवान यांच्यासह अनेकांनी जाहीर निषेध केला, राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाने नोटीस काढली. भावना दुखावण्याचा हेतू नव्हता, असे सांगून कंपनीने चित्रफीत मागे घेतली.

'मागे घेतली ना, मग आता काय?' असे विचारणाऱ्यांना आमचे उत्तर कायद्यातच आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पण ही दिशाभूल मालाविषयीची, माणसाच्या अवमानाविषयीची नव्हे. केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांत जातीची टिंगल करणाऱ्या जाहिरातीला मनाई आहे. ती मोबाईलपर्यंत आणि चौकातल्या फलकापर्यंत पोहोचत नाही. १९८५ साली स्थापन झालेल्या जाहिरात मानक परिषदेच्या संहितेतही अशी मनाई आहे, पण ती परिषद जाहिरात उद्योगाचीच. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात अपमानाचे कलम लावायचे तर हेतू सिद्ध करावा लागतो, आणि 'हेतू नव्हता' हे वाक्य प्रत्येक कंपनीच्या खिशात तयार असते. साबणाबद्दल खोटे बोललात तर दंड, माणसाला कचरा दाखवलात तर दिलगिरी!

मग सरकारने प्रत्येक जाहिरात आधी तपासावी का? आम्ही म्हणतो, नाही. ती कात्री सरकारच्या हाती दिली, तर उद्या ती आपल्याच जयंतीच्या फलकांवर चालेल. मुस्कटदाबीची चव आपल्याला ठाऊक आहे. आम्हाला पूर्वपरवानगी नको, उत्तरदायित्व हवे.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. जातीय अवमानाच्या जाहिरातीवर ठरावीक मुदतीत निकाल देणारे वैधानिक प्राधिकरण हवे आणि त्यात अनुसूचित जाती-जमातींचे प्रतिनिधी हवेत. पडद्यावर असो वा फलकावर, जाहिरातीचे पैसे कोणी दिले ते उघड हवे. ज्या ठिकाणी, जेवढ्या आकारात अपमान झाला, त्याच ठिकाणी, तेवढ्याच आकारात माफी हवी आणि कंपनीला दंडही हवा.

तरुण मित्रांनो, अशी जाहिरात दिसली की नुसते शेअर करून संतापू नका. स्क्रीनशॉट, दुवा, तारीख, वेळ जपून ठेवा. फलक असेल तर फोटो आणि ठिकाण नोंदवा. मग आयोगाकडे लेखी तक्रार करा आणि तिचा पाठपुरावा करा. जाहिरात पुसली जाते, पुरावा पुसला जाऊ देऊ नका.

जय भीम!