जाड अक्षरांची गोष्ट : शेफिल्ड ते मीम



आजचा विषय तुम्ही हजार वेळा पाहिला आहे, फक्त त्याचं नाव कदाचित ठाऊक नसेल. मोबाइलवर एखादं चित्र येतं, मांजराचं नाहीतर एखाद्या नटाचं. त्याच्या वर आणि खाली जाडजूड, पांढऱ्या, काळी कड असलेल्या इंग्रजी अक्षरांत एक विनोद असतो. त्या अक्षरांच्या घाटाला 'इम्पॅक्ट' म्हणतात. हा टंक मीमसाठी जन्मला नाही, कॉम्प्युटरसाठीही नाही. तो १९६५ साली इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरात, छापखान्यातल्या धातूच्या खिळ्यांसाठी तयार झाला.

पण गोष्ट थोडी आधी सुरू होते. पुस्तकातल्या रोमन अक्षरांच्या टोकांना बारीक फराटे असतात, त्यांना सेरिफ म्हणतात. १८१६ साली लंडनच्या विल्यम कॅसलन चौथा याने आपल्या नमुनापुस्तकात एक ओळ अशी छापली, की जिच्यात हे फराटे नव्हतेच. फक्त मोठी अक्षरं, आणि तीही एकाच आकारात. छापील सॅन्स-सेरिफ टंकाचा हा पहिला ज्ञात नमुना. 'सॅन्स-सेरिफ' हे नाव मात्र पुढे १८३२मध्ये व्हिन्सेंट फिगिन्सने वापरलं.

तो काळ लक्षात घ्या. कारखाने वाढत होते, माल खपवायचा होता, भिंतीभिंतीवर जाहिराती लागत होत्या. पुस्तकातलं अक्षर हातभर अंतरावरून वाचायचं असतं. भिंतीवरच्या अक्षराला रस्त्यापलीकडच्या माणसाला थांबवायचं होतं. म्हणून अक्षरं जाड होत गेली. मोठ्या आकाराचे धातूचे खिळे जड आणि महाग पडत, तिथे लाकडी ठसे आले.

१८१९मध्ये कॅसलनने आपली टंकशाळा विकली. ती घेतली शेफिल्डच्या ब्लेक, गार्नेट आणि कंपनीने. हीच कंपनी पुढे 'स्टिव्हन्सन ब्लेक' झाली, आणि सुमारे दीडशे वर्षांनी 'इम्पॅक्ट' याच घरातून बाहेर पडला.

१९६०च्या आसपास जाहिरातवाल्यांना एका जाड, अरुंद टंकाची भुरळ पडली होती : स्वित्झर्लंडच्या वॉल्टर हेटेन्श्वाइलरचा 'श्मालफेटे ग्रोटेस्क'. अडचण एकच, त्याचे खिळे विकत मिळत नव्हते. मग मासिकांतली अक्षरं कापून चिकटवायची! जाहिरात क्षेत्रातल्या जेफ्री ली या इंग्रज डिझायनरने ही गरज ओळखली. त्याचा हेतू साधा होता : दिलेल्या जागेत कागदावर जास्तीत जास्त शाई उतरली पाहिजे.

हे साधायचं कसं? त्याने छोट्या लिपीतल्या अक्षरांचं अंग उंच केलं आणि वर-खाली डोकावणाऱ्या दांड्या आखूड ठेवल्या. अक्षरांच्या पोटातली मोकळी जागा आवळून उभ्या फटीएवढी केली. मथळा मोठा दिसतो, तरी आडवी जागा कमी खातो. पण याच टंकात दोन परिच्छेद वाचून बघा, डोळे दुखतील. हा टंक ओरडण्यासाठी आहे, बोलण्यासाठी नाही.

'इम्पॅक्ट' धातूत ओतलेल्या शेवटच्या टंकांपैकी एक ठरला. फोटोवरून अक्षरजुळणी आली आणि खिळ्यांचे दिवस भरले. टंक मात्र टिकला. १९९६मध्ये मायक्रोसॉफ्टने वेबसाठी काही मोजके टंक मोफत द्यायला सुरुवात केली. त्यात एरियल होता, व्हर्डाना होता, कॉमिक सॅन्स होता, आणि 'इम्पॅक्ट'ही. घरोघरच्या कॉम्प्युटरवर हा जाड टंक हमखास सापडू लागला. मीमवाल्यांनी तो उचलला यात नवल नाही. त्याला तांत्रिक कारणही आहे : अक्षर इतकं जाड आहे की काळी कड दिली तरी आतलं पांढरं उरतं, त्यामुळे मागे कुठलंही चित्र असो, मजकूर वाचता येतो.

आता आपला प्रश्न. 'इम्पॅक्ट'मध्ये देवनागरी नाही. तो निवडून मराठी टाइप केलं, तर कॉम्प्युटर गुपचूप दुसराच टंक लावतो. त्या टंकाला स्वतःचा जाड अवतार नसेल, तर असलेलीच अक्षरं फुगवतो. मग 'क्ष'चं पोट बुजतं, 'ध' आणि 'घ' सारखे दिसू लागतात. आपल्याकडे वर मात्रा, वेलांटी, रफार, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं. लीची युक्ती इथे जशीच्या तशी चालत नाही, कारण वर-खालची जागा आवळली तर मात्रा जाणार कुठे?

याचं उत्तर मराठी माणसांनी शोधलं आहे. मुंबईच्या 'एक टाइप' या गटाचा 'मोदक' टंक पाहा. त्यात देवनागरी इतकी गुबगुबीत आहे की आतली पोकळी जेमतेम रेघेएवढी उरते, तरी अक्षर ओळखू येतं. तो मोफत मिळतो. याच गटाचा 'बलू' देवनागरीबरोबर गुजराती, कन्नड, तेलुगू, बंगाली अशा अनेक लिप्यांत आहे. बडोदा, बेळगाव, हैदराबाद इथल्या मराठी मंडळांना दोन लिप्यांचा फलक एकाच घाटात करता येतो.

तेव्हा गणपतीच्या मंडळाचा पुढचा फलक कराल, तेव्हा मराठी अक्षरं फुगवू नका. जाडीसाठीच घडवलेली निवडा. छापण्याआधी दहा पावलं मागे जा आणि 'ध' व 'घ' वेगळे दिसतात का, एवढं बघा.

भेटू पुढच्या भागात.