पोलीस ॲक्शन

मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना वय विचारलं, की 'पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी एवढा होतो' असं उत्तर यायचं. सप्टेंबर १९४८ मध्ये, मराठवाडा ज्यात होता त्या निजामाच्या हैदराबाद संस्थानात शिरले ते मात्र पोलीस नव्हते. भारतीय लष्कराचे रणगाडे होते, विमानं होती आणि नेतृत्व मेजर जनरल चौधरी यांच्याकडे होतं. मग लष्कराच्या मोहिमेला पोलिसांचं नाव कुठून मिळालं?

या नावाचं मूळ शोधत गेलं तर आपण अमेरिकेत पोचतो. डिसेंबर १९०४ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी काँग्रेसला कळवलं, की शेजारी देशांत बेबंदशाही माजली तर अमेरिकेला आंतरराष्ट्रीय पोलिसाचा अधिकार बजावावा लागेल. या एका शब्दाने केवढं काम केलं पाहा. सैनिकासमोर शत्रू असतो आणि शत्रूलाही आपली बाजू असते. पोलिसासमोर असतो तो गुन्हेगार. शिवाय पोलीस आपल्याच हद्दीत फिरतो, म्हणजे दुसऱ्याचा देश बोलता बोलता आपली हद्द झाला. हैतीत १९१५ मध्ये उतरलेले अमेरिकी सैनिक १९३४ पर्यंत तिथेच होते.

१९२८ च्या पॅरिस कराराने युद्ध त्याज्य ठरवलं आणि तो शब्दच राज्यकर्त्यांना अडचणीचा झाला. १९३७ मध्ये चीनवर केलेल्या स्वारीला जपानने 'घटना' म्हटलं. डचांनी पोलिसांचं नाव घेतलं. इंडोनेशियाने १९४५ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केलं होतं. जुलै १९४७ मध्ये डच फौजा जावा-सुमात्रात चाल करून गेल्या आणि त्याला 'पोलिसी कारवाई' म्हटलं गेलं. हा आमच्या घरचा मामला, जगाने त्यात पडू नये, असा त्याचा अर्थ. भारत आणि ऑस्ट्रेलियाने तो मानला नाही, प्रश्न सुरक्षा परिषदेत नेला. इंडोनेशियात त्या मोहिमेला आजही 'डच लष्करी आक्रमण' असंच म्हणतात.

जेमतेम १४ महिन्यांनी तोच शब्द दिल्लीच्या तोंडी आला. भारतात सामील न झालेल्या हैदराबादने सुरक्षा परिषदेकडे भारताविरुद्ध तक्रार केली होती. 'युद्ध' म्हटलं असतं तर निजामाचं राज्य वेगळा देश ठरलं असतं. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या सशस्त्र रझाकारांचे अत्याचार खरे होते आणि ती मोहीम व्हायलाच हवी होती, असं मी मानतो. पण पाच दिवसांच्या 'पोलीस ॲक्शन'मागे जे घडलं, ते त्या शब्दात मावत नाही. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मोहिमेत आणि त्यानंतर २७ ते ४० हजार माणसं मेल्याचा अंदाज दिला. मेलेल्यांत बहुतेक मुसलमान होते. उस्मानाबाद आणि नांदेडला मोठी झळ बसली. तो अहवाल कित्येक दशकं लोकांपुढे आला नाही.

कोरियन युद्धात तर हा शब्द बातमीदाराने सुचवला. २९ जून १९५० च्या पत्रकार परिषदेत अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन म्हणाले, आपण युद्धात नाही. मग याला संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखालची पोलीस कारवाई म्हणावं का, असं विचारल्यावर त्यांनी होकार दिला. तीन वर्षांत ३६ हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक गेले, कोरियन आणि चिनी माणसं लाखोंनी. २०२२ मध्ये पुतिन यांनी युक्रेनवरच्या हल्ल्याला 'विशेष लष्करी मोहीम' म्हटलं, तेही याच कुळातलं.

मराठवाड्यात ते दिवस पाहिलेली माणसं आता मोजकीच उरली आहेत. तुमच्या घरी कुणी असेल तर जवळ बसा, तेव्हा गावात काय झालं ते विचारा, आणि ते ज्या शब्दांत सांगतील त्याच शब्दांत लिहून ठेवा.