पत्राने जाणारी आज्ञावली

संगणकशास्त्र हा विषय माध्यमिक शाळेत शिकवावा की नाही, आणि शिकवावयाचाच तर त्यात नेमके काय शिकवावे, हा वाद आजचा नाही. त्यास साठ वर्षे होत आली. तो मुळापासून पाहावयाचा असेल तर प्रथम इंग्लंडकडे वळणे प्राप्त आहे, कारण सरकार, शिक्षक, कारखानदार आणि नभोवाणी हे चौघे एकाच वेळी या प्रश्नाला भिडले ते त्या देशात, आणि १९८४ साली भारत सरकारने आपल्या शाळांसाठी जे यंत्र पसंत केले तेही तेथलेच होते.

लंडनच्या पूर्वेस रोमफर्ड येथे रॉयल लिबर्टी नावाची शाळा आहे. १९६५ साली तीत एलियट ९०३ हा संगणक बसविण्यात आला, आणि स्वतःच्या आवारात संगणक असणारी ब्रिटनमधील पहिली शाळा म्हणून तिची नोंद झाली. बिल ब्रॉडरिक हे तेथील शिक्षक या उपक्रमाचे प्रवर्तक होते. परंतु रोमफर्डचे भाग्य इतर शाळांच्या वाट्यास येणे त्या काळी शक्य नव्हते. संगणक म्हणजे विद्यापीठांनी, बँकांनी आणि मोठ्या नगरपालिकांनी बाळगावयाची दौलत होती. इतर शाळांतील उत्साही शिक्षकांनी, बहुधा गणिताच्या, एक मार्ग काढला, आणि पुढील दहा-बारा वर्षे शेकडो शाळांतील संगणकशिक्षण त्याच मार्गाने चालले. या मार्गाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे, कारण त्यात शिक्षणाचे जे तत्त्व अजाणता साधले गेले ते पुढे यंत्रे स्वस्त झाल्यावर हरवले, असे माझे मत आहे.

हा मार्ग टपालाचा. विद्यार्थ्याने आपली आज्ञावली चौकटी आखलेल्या कागदावर, एका चौकटीत एक अक्षर याप्रमाणे लिहावयाची. ती पत्त्यांवर छिद्रे पाडून अगर पेन्सिलीच्या खुणा करून उतरवावयाची. सगळ्या वर्गाचे पत्ते एका पाकिटात बांधून जवळच्या महाविद्यालयाच्या किंवा कौन्सिलच्या संगणकाकडे पाठवावयाचे. आणि मग आठवडाभर वाट पाहावयाची. आठवड्याने छापील कागदांची जुडी परत येई, तीत कोणाचे उत्तर असे, तर कोणाचे एक अक्षर चुकल्यामुळे केवळ दोषाची एक ओळ असे. म्हणजे पुन्हा पत्ते, पुन्हा पाकीट आणि पुन्हा एक आठवडा. ज्या मुलाला चुकीचे मोल आठ दिवसांनी चुकवावे लागते ते मूल पाकीट बंद होण्यापूर्वी आपली आज्ञावली स्वतःच, कागदपेन्सिल घेऊन, ओळीमागून ओळ चालवून पाहू लागते: पहिल्या आज्ञेनंतर या खणात किती, दुसरीनंतर किती, येथून उडी मारली तर कोठे जाऊ. यंत्राचे काम करावयास यंत्र जवळ नसल्यामुळे ते काम मुलाच्या डोक्यात चाले.

या पद्धतीसाठी एक भाषाही घडविण्यात आली. आय.सी.एल. या ब्रिटिश संगणककंपनीने शाळांसाठी काढलेल्या पाठ्यक्रमात सेसिल नावाची भाषा होती. तीत आज्ञा अवघ्या १४: संख्या आत घे, बाहेर दे, खणातून उचल, खणात ठेव, मिळव, वजा कर, गूण, भाग, मजकूर छाप, नवी ओळ धर, अमुक ठिकाणी उडी मार, शून्य असेल तर उडी मार, ऋण असेल तर उडी मार, आणि थांब. सर्व हिशेब एकाच खात्यातून व्हावयाचा. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीतून दहा संख्यांतील सर्वांत मोठी संख्या शोधावयाची म्हटली तर विद्यार्थ्यास ‘मोठी’ या कल्पनेचे पृथक्करण करावे लागे: दोन संख्यांची वजाबाकी करावयाची, बाकी ऋण आली तर उडी मारावयाची, नपेक्षा पुढे जावयाचे. ज्याने हे एकदा केले त्याला संगणक म्हणजे काय याचे मर्म कळले. पुढे यंत्र कोणतेही येवो आणि भाषा कोणतीही येवो.

१९७७ च्या सुमारास ऑक्सफर्डच्या रिसर्च मशीन्स कंपनीचा ३८०-झेड हा लघुसंगणक शाळांत दिसू लागला आणि टपालाचे युग सरत चालले. त्यानंतर घडले ते वेगाने घडले. सरकारने सूक्ष्मविद्युत्‌शिक्षणाचा एक राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, १९८१ साली नव्यानेच नेमलेले माहितीतंत्रज्ञानाचे मंत्री केनेथ बेकर यांच्या खात्याने प्रत्येक माध्यमिक शाळेस एका संगणकाची निम्मी किंमत सरकारी खजिन्यातून देण्याची तरतूद केली, आणि बी.बी.सी.ने जनतेला संगणकसाक्षर करण्यासाठी दूरचित्रवाणीवर दहा भागांची मालिका योजून तिच्या जोडीला स्वतःच्या नावाचे यंत्र काढण्याचे ठरविले. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीतील सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर या दोघा तरुणांनी सहकाऱ्यांसह एका आठवड्यात नमुना उभा करून बी.बी.सी.च्या अधिकाऱ्यांस दाखविला, आणि १९८१ च्या डिसेंबरात बी.बी.सी. मायक्रो बाजारात आला. आरंभी बारा हजार यंत्रे खपतील असा अंदाज होता. प्रत्यक्षात खप पंधरा लाखांच्या घरात गेला आणि ब्रिटनमधील बहुसंख्य शाळांत हेच यंत्र पोहोचले.

हे यंत्र हाताळलेला मनुष्य त्याचे वर्णन आजही प्रेमाने करतो. बळकट मळकट-पांढरी पेटी, वरच्या बाजूस दहा तांबड्या-नारिंगी कळा, आणि आत ३२ किलोबाइट स्मृती, म्हणजे आजच्या फोनमधील एका लहानशा छायाचित्रासही जी पुरणार नाही एवढी. बटण दाबताच एक ध्वनी होई आणि काळ्या पडद्यावर यंत्राचे नाव, त्याखाली ‘बेसिक’ हा शब्द व त्याखाली एक खूण उमटे. त्यापुढे काही नाही. निवडावयास चित्रे नाहीत, उघडावयास दालने नाहीत; यंत्र सुरू होते ते आज्ञावली लिहिणाऱ्याची वाट पाहतच. या भाषेचा मूळ अवतार अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात १९६४ साली जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी, शास्त्राची पार्श्वभूमी नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी निर्माण केला होता. विल्सन यांनी त्यास शिस्तबद्ध लेखनाची जोड दिली, आणि पुढे एकॉर्नने ज्या एआरएम प्रक्रियकाची रचना केली त्याचे प्रतिरूप याच शालेय भाषेत लिहून तपासण्यात आले. आज जगातील बहुतेक मोबाइल फोन ज्या वंशाच्या प्रक्रियकावर चालतात त्याचे हे मूळ.

इतकी अनुकूलता असताना पुढल्या वीस वर्षांत इंग्लंडात संगणकशास्त्राचे शालेय अध्यापन जवळजवळ लयास गेले, आणि त्याची कारणे मला फार उद्बोधक वाटतात. ज्या केनेथ बेकर यांनी शाळांत यंत्रे पोहोचविली तेच १९८६ साली शिक्षणमंत्री झाले आणि १९८८ च्या शिक्षण-कायद्याने त्यांनी राष्ट्रीय अभ्यासक्रम आणला. परंतु त्या अभ्यासक्रमात संगणकास स्वतंत्र विषयाचा दर्जा न मिळता माहितीतंत्रज्ञान या नावाने तो आधी इतर तंत्रविषयांच्या पोटात गेला आणि पुढे स्वतंत्र झाला तो कार्यालयीन कौशल्यांचा विषय म्हणून. कचेऱ्यांत टंकयंत्राच्या जागी शब्दलेखनाची आज्ञावली आली, हिशेबनिसाच्या वहीच्या जागी तक्त्यांची आली, आणि मुलांस ती वापरता आली पाहिजे, ही मागणी पालकांस व मालकांस पटण्यासारखी होती. ती गैर होती असेही नाही. पण शिक्षकांच्या दृष्टीने तिचा अर्थ असा झाला की ज्याला संगणकशास्त्र येत नाही अशा शिक्षकालाही हा विषय शिकविता येऊ लागला, आणि एकदा तसे झाले की ज्याला ते येते अशा शिक्षकाची शाळेस गरज उरली नाही. पत्र लिहिणे, तक्ता भरणे, सरकपट्ट्यांचे सादरीकरण करणे, एवढ्यावर विषय आटोपू लागला. हुशार मुले कंटाळली आणि वरच्या वर्गांत संगणकशास्त्र घेणाऱ्यांची संख्या सतत घटत गेली.

२००८ मध्ये शिक्षक आणि संशोधक यांच्या एका मंडळाने, केंब्रिजमधील संगणकशास्त्रज्ञ सायमन पेटन जोन्स यांच्या पुढाकाराने, याविरुद्ध चळवळ आरंभिली. जानेवारी २०१२ मध्ये रॉयल सोसायटीचा अहवाल प्रसिद्ध झाला, आणि त्या समितीचे अध्यक्ष होते, तीस वर्षांपूर्वी बी.बी.सी. मायक्रो घडविणारे तेच स्टीव्ह फर्बर. सप्टेंबर २०१४ पासून इंग्लंडात पाच वर्षे वयापासून संगणन हा विषय आवश्यक करण्यात आला. हुकूम निघाला, पुस्तके निघाली, पण वर्गात उभा राहणारा शिक्षक तोच होता, ज्यास काल-परवापर्यंत सादरीकरण शिकविण्यास सांगितले होते. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी ८ कोटी ४० लाख पौंडांची भरीव तरतूद व्हावयास आणखी तीन वर्षे लागली, आणि त्यातून राष्ट्रीय केंद्र उभे राहावयास २०१८ साल उजाडले.

आता आपल्याकडे वळू. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने टिफ्रॅक हा भारतीय बनावटीचा संगणक १९६० साली कार्यान्वित केला होता, तेव्हा या विद्येस आपला देश अपरिचित नव्हता. पण शाळेच्या उंबरठ्यापर्यंत ती आली १९८४ मध्ये. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने शिक्षणखात्याच्या आणि एन.सी.ई.आर.टी.च्या सहकार्याने ‘क्लास’ ही योजना सुरू केली. संगणकसाक्षरता आणि संगणकाचा अभ्यास ही दोन्ही उद्दिष्टे तिच्या इंग्रजी नावातच गुंफली होती. आरंभास देशातील २५० शाळा निवडल्या आणि यंत्र पसंत केले ते बी.बी.सी. मायक्रो. मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कारखान्यात हेच यंत्र ‘युनिकॉर्न’ नावाने जोडले जाऊ लागले.

यंत्र आले, त्यासोबतचे पाठ्यसाहित्य मात्र इंग्लंडातील मुलांसाठी इंग्रजीत रचलेले होते. देवनागरी अक्षरे पडद्यावर सहजतेने उमटविण्याचे साधन, म्हणजे पुण्याच्या सी-डॅकने प्रसृत केलेले जिस्ट कार्ड, सर्वत्र पोहोचावयास अजून काही वर्षांचा अवकाश होता. शिक्षकांस थोड्या दिवसांचे प्रशिक्षण देऊन शाळेत परत पाठविण्यात आले. विषयाला परीक्षा नव्हती, आणि ज्याला परीक्षा नाही त्याला आपल्या वेळापत्रकात तास मिळणे किती कठीण, हे शाळेत काम केलेल्या कोणासही सांगावे लागत नाही. परिणामी या यंत्राभोवती एक विलक्षण आदर निर्माण झाला. संगणकाची खोली शाळेतील सर्वांत थंड आणि सर्वांत स्वच्छ खोली; चपला बाहेर काढूनच आत जावयाचे; यंत्रावर प्लॅस्टिकचे आच्छादन; किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात. तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यास ती खोली प्रथम दाखवीत. हा आदर खोटा नव्हता, महागड्या वस्तूविषयी गरीब संस्थेस वाटणारी ती खरी काळजी होती. पण तिच्यामुळे मुलांचे हात कळांपर्यंत पोहोचले नाहीत.

महाराष्ट्रात यानंतर दोन प्रवाह निरनिराळे वाहिले. कनिष्ठ महाविद्यालयात ‘बायफोकल’ म्हणून ओळखला जाणारा संगणकशास्त्राचा विषय आला, आणि त्यात मुलांनी वर्षानुवर्षे ८०८५ या सूक्ष्मप्रक्रियकाच्या आज्ञा वहीत लिहिल्या: या खणातून उचल, त्यात मिळव, शून्य नसेल तर उडी मार. सेसिलचीच ही दूरची भावंडे. दुसरीकडे २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एम.एस.-सी.आय.टी. या अभ्यासक्रमाने तालुक्याच्या गावापर्यंत केंद्रे पोहोचविली, आणि दहावीची परीक्षा संपताच मुलांस त्या वर्गात घालण्याचा मराठी घरांतून जणू रिवाजच पडला. त्या अभ्यासक्रमाने लाखो माणसांची यंत्राविषयीची भीती घालविली, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु पाचवी ते दहावी हा जो मधला, बुद्धीस वळण लावणारा काळ, त्यात संगणकशास्त्र हा विचाराचा विषय म्हणून कोठेच नव्हता. केरळने याच सुमारास आय.टी. ॲट स्कूल ही योजना आखून, मुक्त आज्ञावल्यांवर भर देऊन आणि प्रथम शिक्षकांसच तयार करून, वेगळा मार्ग धरला. त्याचा अभ्यास आपण त्या वेळी अधिक आस्थेने करावयास हवा होता.

अलीकडे मात्र जे घडत आहे त्याकडे मी मोठ्या आशेने पाहतो. मुंबईच्या आय.आय.टी.मधील प्राध्यापक श्रीधर अय्यर आणि त्यांचे सहकारी यांनी शाळांसाठी ‘कॉम्प्युटर मस्ती’ ही पाठ्यपुस्तकांची माला सिद्ध केली. २०१६ मध्ये एसीएम इंडिया या संगणकशास्त्रज्ञांच्या संस्थेने ‘सी.एस. पाठशाला’ हा उपक्रम काढला, आणि त्याचे पाठ बहुतांशी यंत्रावाचून शिकविता येतात. रांगेत उभ्या असलेल्या मुलांनी दोघादोघांनी उंची ताडून जागा बदलीत क्रम लावावयाचा, आणि शेवटी किती अदलाबदली झाल्या, याहून कमी अदलाबदलींत हे झाले असते काय, याचा विचार करावयाचा. किंवा गावाचा नकाशा फळ्यावर काढून सर्व घरांस पाणी पोहोचेल अशी सर्वांत आखूड नळवाट शोधावयाची. असल्या पाठास वीज लागत नाही, किल्ली लागत नाही, मराठी पुरते. लागतो तो, आपण काय शिकवीत आहोत हे ओळखणारा शिक्षक. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासून आज्ञालेखन शिकविण्याचे ठरविले आहे. त्यासाठी यंत्रांची खरेदी जिल्ह्याजिल्ह्यांतून होईलच. पण या विषयाची पदवी घेतलेल्या शिक्षकाचे पद माध्यमिक शाळेच्या मंजूर आकृतिबंधात बसविल्यावाचून सहावीच्या त्या तासाला वर्गात कोण जाणार, याचे उत्तर कोणत्याही निविदेत मिळणार नाही, आणि शिक्षणखात्याने त्याचा विचार खरेदीच्या आधी करावयास हवा.