पुण्यातील प्लेग (१८९७) : सत्तेचा अधिकार व व्यक्तीचे कर्तव्य

१८९७ सालच्या पुण्यातील प्लेगाचा इतिहास आपल्याकडे बहुधा रँड व चापेकर बंधू ह्यांच्या अनुषंगानेच लिहिला जातो. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर झालेल्या गोळीबाराने त्या वर्षातील इतर सर्व घटना झाकोळून टाकल्या. त्यामुळे ह्या प्रकरणातील एक मूलभूत नैतिक प्रश्न मागे पडतो : साथीच्या काळात सत्तेने व्यक्तीकडून काय मागावे, आणि व्यक्ती आपल्या शेजाऱ्याचे काय देणे लागते? प्रस्तुत टिपणात ह्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस ह्यांनी प्लेगाचे निदान केले. पुढे ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा मंजूर झाला. तो अवघ्या चार कलमांचा होता. तिसऱ्या कलमाने आज्ञाभंग करणारा दंडास पात्र ठरला. चौथ्याने सद्‌हेतूने काम करणाऱ्यावर दावा लावण्यास मनाई केली. नागरिकाच्या कर्तव्यामागे अशा रीतीने दंडशक्ती उभी राहिली. अधिकाऱ्याचे कर्तव्य मात्र त्याच्या सदसद्विवेकबुद्धीवर सोपविण्यात आले. पुढील अनर्थाचे एक बीज ह्या विषमतेत आहे, असे आम्हांस वाटते.

मार्चपासून रँड ह्यांच्या प्लेग कमिटीने गोऱ्या सैनिकांकरवी घरझडत्या सुरू केल्या. रोग्यांना इस्पितळात व त्यांच्या घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत नेण्यात येई. स्वयंपाकघरात व देवघरात शिरणे, सामानाची नासधूस करणे, स्त्रियांची अवमानकारक तपासणी करणे अशा तक्रारी सर्व थरांतून आल्या. परिणाम असा झाला की, लोक रोगी लपवू लागले. कायद्याच्या दृष्टीने तो अपराध होता. कुटुंबाच्या दृष्टीने ते मायेचे कर्तव्य होते. तथापि त्या काळच्या समजुतीप्रमाणे अशा लपवणुकीने शेजाऱ्याच्या जिवाला धोका पोचत होता, हेही नाकारता येत नाही.

ह्या पेचातून वाट काढणारे लोक त्याच शहरात होते. टिळकांनी झडत्यांच्या पद्धतीवर कठोर टीका केली; परंतु विलगीकरणाचे तत्त्व त्यांनी अमान्य केले नाही. हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ काढण्यात त्यांनी पुढाकार घेतला आणि पुणे सोडून गेलेल्या पुढाऱ्यांना दोष दिला. सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करीत असताना स्वतः प्लेगाने आजारी पडल्या व १० मार्च १८९७ रोजी निवर्तल्या. सत्तेचा जुलूम हा शेजारधर्मातून सुटका देणारा परवाना होत नाही, हे ह्या दोन उदाहरणांवरून स्पष्ट होते.

येथे शास्त्राची साक्षही काढली पाहिजे. येर्सिन ह्यांनी १८९४ मध्ये हाँगकाँग येथे प्लेगाचा जंतू शोधला होता. परंतु उंदरावरील पिसवांमार्फत तो माणसाकडे येतो हे सिमाँ ह्यांनी दाखविले ते १८९८ मध्ये, आणि त्यास सर्वमान्यता मिळण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. अर्थात गाठीच्या प्लेगात माणसांची धरपकड करण्याचा उपयोग मर्यादितच होता. उलट, उंदीर मरू लागताच घर सोडून रानात झोपडी बांधणे हा उपाय अधिक गुणकारी होता. जे ज्ञान अपुरे आहे त्याच्या आधारे सक्ती करावयाची, तर ती सौम्य, फेरविचारास मोकळी आणि लोकांना समजावून देऊन केलेली असावी, हा बोध ह्यातून निघतो.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत महाराष्ट्रात हाच कायदा लागू करण्यात आला. त्याच वर्षी आरोग्यसेवकांच्या संरक्षणार्थ त्यात दुरुस्तीही झाली. म्हणून १८९७ चा प्रश्न केवळ गतकालाचा नव्हे. रोग लपवू नये ही अपेक्षा रास्तच आहे. पण रोग उघड करणाऱ्याची अप्रतिष्ठा होणार नाही, अशी हमी देण्याची जबाबदारी प्रथम सत्तेची आहे. ती पार पाडली गेली नाही, तर व्यक्तीचे कर्तव्य संपत नाही. मात्र ते पाळणे सामान्य माणसाच्या शक्तीपलीकडचे होऊन बसते.