घरातली मराठी आणि पडदा
बडोद्यातील मराठी कुटुंबांसाठी चित्रपट व दूरचित्रवाणीविषयी थोडी माहिती, थोडा विचार

बडोद्यात स्थायिक झालेल्या आपल्या अनेक घरांत आज चौथी-पाचवी पिढी वाढते आहे. मुलांची शाळा इंग्रजी किंवा गुजराती माध्यमाची, खेळायचे मित्र गुजराती आणि मोबाइलवरचे कार्यक्रम बहुतेक हिंदी-इंग्रजी. अशा घरात आई-बाबा आणि आजी-आजोबा सोडले, तर मराठी ऐकू येते ती मुख्यतः संध्याकाळी लागणाऱ्या मालिकेतून. आजी मराठीत विचारते, नातवाला सगळे कळते, पण उत्तर येते गुजरातीत. हे दृश्य आपल्यापैकी बहुतेकांच्या ओळखीचे आहे.

"टीव्ही आहे ना, मराठी कानावर पडतेच की," असे आपण एकमेकांना सांगतो. या म्हणण्यात किती तथ्य आहे, पडदा भाषा आणि शिक्षण यांना कुठवर मदत करतो आणि कुठे थांबतो, याची माहिती सभासद कुटुंबांसाठी येथे एकत्र देत आहोत.

बडोदे आणि पडदा : जुने नाते

भारतीय चित्रपटाचे जनक धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांचे शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूलनंतर आपल्या बडोद्याच्या कलाभवनात झाले. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १८९० साली स्थापन केलेल्या या संस्थेत फाळके यांनी छायाचित्रणाचे धडे घेतले. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लोकांसमोर आला. त्याआधी फाळके यांनी एक छोटा चित्रपट केला होता. कुंडीत वाटाणा पेरून, कोंब फुटून रोप वाढेपर्यंत ते रोज त्याची थोडी थोडी चित्रे घेत राहिले आणि मग ती सलग दाखवली. त्यांच्या हातून तयार झालेला हा पहिला चित्रपट म्हणजे आजच्या भाषेत वनस्पतिशास्त्राचा पाठच होता.

बडोदे संस्थानाने १९०६ साली प्राथमिक शिक्षण सर्वत्र सक्तीचे केले आणि १९१० पासून ग्रंथालयांचे जाळे विणले. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांचाही विचार झाला होता. संस्थानाच्या ग्रंथालय खात्यात चित्रे दाखवून शिक्षण देणारी स्वतंत्र शाखा होती. मॅजिक लँटर्न, काचेवरची चित्रे आणि चलच्चित्रे यांच्या साहाय्याने लोकांना माहिती दिली जाई. म्हणजे "पडदा आणि शिक्षण" हा विषय आपल्या गावाला शंभर वर्षांपासून परिचयाचा आहे.

दूरदर्शनचा काळ

भारतात दूरचित्रवाणी १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाली. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि तेथून मराठी कार्यक्रमांची खरी सुरुवात झाली. चिं. वि. जोशी यांच्या कथांवरील 'चिमणराव' मालिकेने दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांना घराघरांत नेले.

गुजरातेत मात्र दूरचित्रवाणी वेगळ्या वाटेने आली. १९७५ साली खेडा जिल्ह्यातील पीज येथे इस्रोने प्रक्षेपण केंद्र उभारले. गावोगावी सार्वजनिक संच ठेवून शेती, आरोग्य, पशुपालन आणि सामाजिक प्रश्न यांवरचे कार्यक्रम तिथल्याच लोकांच्या बोलीत दाखवले जात. त्याच सुमारास, १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात, उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत शैक्षणिक कार्यक्रम पोहोचवण्याचा 'साइट' हा मोठा प्रयोग झाला. सकाळी शाळेतील मुलांसाठी आणि संध्याकाळी मोठ्यांसाठी, अशी त्याची रचना होती.

आपल्या घरांना मात्र या काळात पडद्यावर मराठी क्वचितच भेटली. दूरदर्शनवर रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांतील चित्रपट दाखवत, त्यात पाळी येईल तेव्हा मराठी चित्रपट लागे. १९८७-८८ मधील 'रामायण' आणि त्यानंतरचे 'महाभारत' यांनी सगळ्या शेजाराला एका खोलीत बसवले, पण भाषा हिंदी होती. मराठीसाठी आधार होता तो घरातल्या बोलण्याचा, वाचनालयाचा, नाटकांच्या दौऱ्यांचा आणि गणेशोत्सवातल्या कार्यक्रमांचा.

उपग्रह वाहिन्यांनी आणलेली मराठी

१५ ऑगस्ट १९९९ रोजी 'अल्फा मराठी' (आजची 'झी मराठी') सुरू झाली, २००० साली 'ई टीव्ही मराठी' (आजची 'कलर्स मराठी') आणि २००८ साली 'स्टार प्रवाह'. केबलवाल्याकडे हट्ट धरून मराठी वाहिनी सुरू करून घेणे हा त्या वर्षांत आपल्या अनेक घरांतला एक कार्यक्रमच होता. बाहेरगावी राहणाऱ्या मराठी माणसाला रोजची, ताजी, बोलती मराठी प्रथमच घरबसल्या मिळाली.

याचे दोन परिणाम आपण पाहिले. पहिला चांगला. मुलांच्या कानावर वेगवेगळ्या मराठी पडू लागल्या. 'रात्रीस खेळ चाले' मधली मालवणी, 'तुझ्यात जीव रंगला' मधली कोल्हापुरी ऐकून मराठी एकाच ठशाची नसते हे त्यांना कळले.

दुसरा परिणाम जरा अवघड आहे. बडोद्याच्या मराठीला स्वतःचा हेल आहे आणि तिच्यात गुजराती शब्द सहज मिसळलेले आहेत. मालिकेतले पुण्या-मुंबईचे बोलणे ऐकून काही मुलांना, आणि खरे सांगायचे तर काही मोठ्यांनाही, आपली मराठी "चुकीची" वाटू लागली. महाराष्ट्रातल्या चुलत भावंडांनी हसून नक्कल केली की मूल गप्प होते आणि पुढच्या वेळी हिंदीत बोलते. म्हणून घरात एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी : टीव्हीवरची मराठी हे मराठीचे एक रूप आहे, आजीची मराठी हे दुसरे, आणि दोन्ही आपलीच आहेत.

पडदा काय शिकवतो

उच्चार ही त्याची मोठी देणगी. मराठीत च, ज, झ या अक्षरांचे दोन उच्चार होतात. 'चंद्र' मधला च वेगळा, 'चांदणे' मधला वेगळा. 'जेवण' आणि 'जावई' यांतला ज वेगळा. लिपीत हा फरक दिसत नाही, तो ऐकूनच येतो. पडद्यावरच्या संवादांतून तो मुलांच्या कानात बसतो.

सारख्या दिसणाऱ्या शब्दांचा घोळही संवाद ऐकताना सुटतो. गुजरातीत 'नवरो' म्हणजे रिकामा, ज्याला काही काम नाही असा. मराठीत 'नवरा' म्हणजे पती. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. प्रसंग डोळ्यांसमोर असला की अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

नात्यांची हाक, अहो-जाहो, सणांच्या रीती, उखाणे, म्हणी हे सगळेही पडद्यावरून येते. मालिकांतल्या घरातली भांडणे आणि कारस्थाने मात्र आपल्या घरातल्या वागण्याचा नमुना नव्हेत, हे सोबत बसून सांगणारे कोणीतरी हवे.

पडदा काय शिकवत नाही

पडदा प्रश्न विचारत नाही आणि उत्तराची वाट पाहत नाही. म्हणून ऐकणारे मूल ऐकणारेच राहते. अमेरिकेत पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतीत बोलका आहे. नऊ महिन्यांच्या इंग्रजीभाषक बाळांपैकी काहींशी चिनी (मँडरिन) बोलणारी माणसे समोर बसून खेळली, काहींना तेच बोलणे चित्रफितीवर दाखवले. माणसांशी खेळलेल्या बाळांना त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखता आले. चित्रफीत पाहणाऱ्यांना आले नाहीत. प्रयोग तान्ह्या बाळांचा आहे, मोठ्या मुलांचे गणित थोडे वेगळे. तरी त्याचा रोख आपल्या अनुभवाशी जुळतो : बोलणे हे बोलणाऱ्या माणसाकडून येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखालील बाळांना पडद्यासमोर बसवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त वेळ बसवू नये. "निदान मराठी तरी बघतोय" या समाधानाने ही मर्यादा वाढवू नये.

वाचनासाठी पडद्याचा उपयोग

आपल्या मुलांची खरी अडचण वाचनाची आहे. देवनागरी त्यांना हिंदीमुळे येते. 'ळ' त्यांच्या जिभेवर आहे, कारण गुजरातीतही तो आहे. फक्त मराठीतले त्याचे रूप नवे असते. तरीही मराठी परिच्छेद समोर आला की ती अडखळतात, कारण सरावच नसतो.

यावर एक सोपा उपाय गुजरातेतच आजमावला गेला आहे. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील ब्रिज कोठारी यांनी गाण्याचे शब्द त्याच भाषेत पडद्यावर दाखवण्याची कल्पना मांडली आणि १९९९ साली अहमदाबाद दूरदर्शनच्या 'चित्रगीत' या गुजराती गाण्यांच्या कार्यक्रमात ती प्रथम वापरली गेली. ओळखीचे गाणे ऐकताना डोळे आपोआप अक्षरांवरून फिरतात आणि वाचनाचा सराव होतो. घरात हे सहज करता येईल. मराठी गाणी किंवा चित्रपट पाहताना मराठी उपशीर्षके उपलब्ध असतील तर ती लावावीत. इंग्रजी उपशीर्षके लावली तर मूल इंग्रजी वाचते आणि मराठी ऐकायचे थांबते.

२०२० साली शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही पहिली ते आठवीच्या मुलांसाठीची मराठी मालिका दाखवली गेली. घरात उपलब्ध वस्तू घेऊन, घरातल्या माणसांशी बोलत शिकायचे, ही तिची पद्धत होती. आपल्याला हवे आहे ते नेमके हेच.

एकत्र पाहण्याजोगे काही चित्रपट

'संत तुकाराम' (१९३६) : प्रभातचा चित्रपट, दिग्दर्शक दामले-फत्तेलाल. भाषा जुनी, पण अभंगांमुळे आजी-आजोबांना मुलांशी बोलायला भरपूर विषय मिळतो.

'श्यामची आई' (१९५३) : साने गुरुजींच्या पुस्तकावरून आचार्य अत्रे यांनी केलेला, राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळालेला पहिला चित्रपट. आधी पुस्तकातले एखादे प्रकरण मोठ्याने वाचावे, मग चित्रपट पाहावा.

'टिंग्या' (२००८) : दिग्दर्शक मंगेश हाडवळे. शेतकऱ्याचा मुलगा आणि त्याचा बैल. ग्रामीण बोली समजायला सुरुवातीला मदत लागते. शेवटी लहान मुले हळवी होतात, हे लक्षात ठेवावे.

'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) : दिग्दर्शक परेश मोकाशी. फाळके यांनी पहिला चित्रपट कसा केला याची हसतखेळत सांगितलेली गोष्ट. पाहून झाल्यावर मुलांना कलाभवनाची इमारत जरूर दाखवावी.

'एलिझाबेथ एकादशी' (२०१४) : मोकाशी यांचाच. पंढरपूर, एकादशीची गर्दी, दोन भावंडे आणि त्यांची सायकल. आठ-दहा वर्षांच्या मुलांना सर्वांत आधी दाखवावा असा.

'किल्ला' (२०१४) : दिग्दर्शक अविनाश अरुण. आईच्या बदलीमुळे पुण्याहून कोकणात आलेला मुलगा. गाव बदललेल्या प्रत्येक कुटुंबाला जवळचा वाटेल.

पाहताना आणि दाखवताना

मुलांबरोबर पाहताना आम्ही सुचवतो ती रीत साधी आहे. चित्रपट दोन-तीन बैठकांत पाहावा. मध्ये थांबवून "आता काय होईल?" असे मराठीत विचारावे. उत्तर गुजरातीत आले तरी रागावू नये. तेच वाक्य आपण मराठीत म्हणावे आणि पुढे जावे. दुसऱ्या दिवशी मुलाला ती गोष्ट फोनवर मावशीला किंवा आजोबांना सांगायला लावावी. चार ओळी लिहून घेतल्या तर उत्तमच.

सभागृहात किंवा सोसायटीत चित्रपट दाखवायचा असल्यास हक्कधारकांची परवानगी घ्यावी लागते. घरगुती ओटीटी वर्गणीवर सार्वजनिक खेळ करता येत नाही. प्रमाणपत्रही पाहावे. आता यूए गटात ७+, १३+ आणि १६+ अशी विभागणी असल्याने निवड सोपी झाली आहे.

आपल्या पणजोबांच्या पिढीने इथे मराठी टिकवली तेव्हा वाहिनी नव्हती. होती ती बोलणारी माणसे. आज वाहिन्याही आहेत आणि माणसेही आहेत. फक्त ती वेगवेगळ्या खोल्यांत बसतात. या रविवारी एक चित्रपट निवडा, आजीला मध्ये बसवा आणि नातवाला विचारा, काय झाले ते सांग बघू. उत्तरातले एक वाक्य जरी मराठीत आले, तरी दुपार सत्कारणी लागली.